मोड, गोडी आणि आंबवण : घरगुती बिअरविद्येची प्रस्तावना

बिअर म्हणजे मोड आलेल्या धान्याचा गोड रस, उकळून, निववून आणि यीस्ट घालून आंबवलेला. द्राक्षाच्या रसात साखर आयतीच असते, म्हणून वाइन करताना फळ चुरडले की अर्धे काम होते. धान्यात मात्र साखर नसते, पिष्ट असते, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. पिष्टाची साखर करायची कशी, हा बिअरपुढचा मूळ प्रश्न आहे. त्याचे सर्वांत जुने उत्तर दाण्यानेच दिले आहे. दाणा भिजला की तो रुजण्याची तयारी करतो आणि कोंबाला खाऊ मिळावा म्हणून स्वतःतले पिष्ट फोडणारी विकरे तयार करतो. माणसाने कोंब फुटू दिला, वेळेवर दाणा वाळवून वाढ थांबवली आणि विकरे आपल्या कामाला लावली. अशा धान्याला माल्ट म्हणतात.

रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यात, तळगडाच्या पायथ्याच्या किंवा कुड्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या घरांत हा शब्द बिअरशी जोडला जात नाही, पण कृती ओळखीची आहे. लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यासाठी नाचणीचे सत्त्व करतात. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत नाचणी भिजवून, वाटून, गाळून पांढरा साका वाळवतात. दुसरीत नाचणी धुवून रात्रभर भिजत घालतात, ओल्या फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात, हातावर चोळून मोडाच्या काड्या पाखडून टाकतात आणि दळतात. ही दुसरी रीत म्हणजे पायरीपायरीने माल्ट करण्याचीच रीत आहे. बव्हेरियातला कारागीर जवाला जे करतो, ते कोकणातली आजी नाचणीला करते. फरक एवढाच की आजी शेवटी दाणे चांगले भाजते. भाजल्याने वास खुलतो, पण विकरे मरतात.

हा फरक समजून घ्यायला एक साधा प्रयोग पुरतो. साध्या नाचणीच्या पिठाची दाट पेज शिजवावी, ती साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावी आणि मोड आणून नुसत्या वाळवलेल्या, न भाजलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ तिच्यात ढवळावे. चमचा उभा राहील अशी पेज काही मिनिटांत पातळ होते. भांडे फडक्यात गुंडाळून तासभर गरम ठेवले, तर साखरेचा कणही न घालता पेज गोड लागते. बिअरच्या भट्टीत धान्य आणि गरम पाणी एकत्र ठेवण्याची जी मुख्य पायरी असते, ती हीच. तिथे दोन विकरे काम करतात. एक साधारण ६० ते ६५ अंशांना जोरात असते आणि यीस्टला पचेल अशी साखर काढते. दुसरे ७० अंशांच्या आसपास जोर धरते आणि पिष्टाचे मोठे तुकडे पाडते; त्या तुकड्यांनी बिअरला अंग येते. कारागीर तापमान दोन अंश वर ठेवतो की खाली, यावर बिअर भरीव होणार की सडसडीत, हे ठरते. जवाचे पिष्ट ६० अंशांच्या सुमारास फुलते, नाचणीचे त्याहून अधिक उष्णतेला. म्हणून नाचणीची पेज आधी शिजवावी लागते आणि माल्ट नंतर. मराठी वाचकासाठी बिअरविद्येची सुरुवात परदेशातून मागवलेल्या डब्यापेक्षा या पेजेपासून करणे योग्य आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

या म्हणण्याला चवीबरोबर कायद्याचेही कारण आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, कलम १२ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास आणि भट्टी उभारण्यास मनाई करतो. मद्याची व्याख्याही व्यापक आहे: स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि ज्यात अल्कोहोल आहे असा कोणताही द्रव. घरापुरते, विक्रीसाठी नव्हे, असा अपवाद तीत नाही. तेव्हा तळ्यात, पुण्यात किंवा नागपुरात स्वयंपाकघरात बिअर आंबवणे हा छंद नसून गुन्हा आहे, आणि हे पहिल्याच पानावर स्वच्छ सांगायला हवे. इंग्रजी पुस्तके आणि चित्रफिती पाहून सुरुवात करणाऱ्या अनेकांना याची कल्पना नसते, कारण ती साधने जिथे तयार झाली तिथला कायदा निराळा आहे.

तिथलाही तो फार जुना नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागत असे. ती अट १९६३ साली निघाली. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, पण घरगुती बिअर कायदेशीर व्हायला आणखी साडेचार दशके लागली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केलेला कायदा १९७९ पासून अमलात आला. त्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर केंद्रीय कर न भरता करता येते. विकता मात्र येत नाही. जपानमध्ये आजही एक टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोलचे पेय घरी करता येत नाही.

भारतातही घरगुती आंबवणीवर नेहमीच सरसकट बंदी होती असे नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे, म्हणजे मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. विक्री, पिण्याच्या जागा, दर्जा आणि कर यांवर राजाची करडी नजर आहे. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक त्यात दिली आहे. त्याच प्रकरणात कृतीही आहेत. मेदक नावाच्या तांदळाच्या सुरेला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व सांगितले आहे. द्रोण म्हणजे सोळा प्रस्थ, अर्धा आढक म्हणजे दोन. म्हणजे सोळा माप पाण्याला दोन माप तांदूळ आणि तीन माप विरजण. हे किण्व उडीद आणि तांदूळ यांपासून करायचे. उडीद-तांदळाचे आंबवलेले पीठ आज घरोघरी इडलीसाठी असते, आणि प्राचीन सुरेचे विरजणही त्याच जोडीचे होते, ही गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. मोड न आणता, बुरशी आणि यीस्ट यांच्या मिश्र विरजणाने धान्य आंबवण्याची ही पूर्वेकडची रीत आहे. हिमालयातली नाचणीची तोंग्बा आणि जपानची साके तिच्याच गोत्रातल्या.

आयुर्वेदाची आसव-अरिष्टे हीसुद्धा आंबवणीचीच विद्या. द्राक्षासवात किंवा दशमूलारिष्टात दारू बाहेरून ओतलेली नसते. गूळ, काढा आणि धायटीची फुले भांड्यात बंद करून ठेवली की ती आत तयार होते आणि वनस्पतीतले गुण धरून ठेवते. सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळ्याच्या शेवटी लाल फुलांनी भरलेली धायटीची झुडपे कोणालाही दिसतात. त्या फुलांवरच्या रानयीस्टवर वैद्यांनी शतकानुशतके भिस्त ठेवली. आज ही औषधे परवानाधारक कारखान्यांत होतात.

कोकण किनाऱ्याची स्वतःची आंबवण मात्र धान्यापेक्षा झाडाची. माडापासून माडी, ताडापासून ताडी, शिंदीपासून शिंदी. भंडारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. माडाची न उमललेली पोय बांधून, ठोकून, रोज टोकाला पातळ काप देऊन तिच्यातून रस काढतात आणि तो मडक्यात जमतो. हा रस पहाटे गोड असतो, तेव्हा ती नीरा. सूर्य वर आला की मडक्यातले यीस्ट आणि जिवाणू तिच्यातली साखर खाऊ लागतात. दुपारपर्यंत फेस येतो, संध्याकाळपर्यंत बिअरइतकी दारू होते आणि दुसऱ्या दिवशी ती शिर्क्याकडे झुकते. नीरा टिकवायची तर मडक्याला आतून चुना लावतात, कारण अल्कधर्मी रसात यीस्टचे काही चालत नाही. बिअरच्या कारखान्याला जी आंबवण साधायला आठवडे लागतात, ती इथे एका दिवसात डोळ्यांसमोर घडते. आंबवणीचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

इंग्रजी अमदानीत या शाळेवर कर बसला. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात झाड छेदण्यापासून भट्टीपर्यंत सगळे परवान्याखाली आणले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने घातली. तळा तेव्हा या कुलाबा जिल्ह्यातच होते. जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ चे. घरची आणि गावची पेये गुन्ह्याच्या रांगेत गेली ती स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदीने नव्हे, त्याआधी सत्तर वर्षे, महसुलासाठी. दारूबंदीच्या हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो, हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

याच किनाऱ्यावर आणखी एक घरगुती पेय आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, म्हसळा या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेल्या आणि शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, किद्दुश या आशीर्वादविधीसाठी द्राक्षाचे पेय लागते. द्राक्षे न पिकणाऱ्या कोकणात त्यांनी त्यावर उपाय काढला: काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या आणि गाळायच्या. बहुधा ते न आंबवताच वापरतात. विधीची गरज आणि जागेची अडचण यांतून कृती कशी घडते, याचे हे सुरेख उदाहरण आहे.

बिअर इथे समुद्रमार्गे आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतात येऊ लागली. पुढे बर्टनच्या भट्ट्यांनी ती बाजारपेठ घेतली आणि इंडिया पेल एल हे नाव रूढ झाले. भारतात बिअर करणे सुरू झाले ते कसौलीच्या थंडीत, एडवर्ड डायरच्या भट्टीत, एकोणिसाव्या शतकात. आज महाराष्ट्रातली मोठी बिअर कारखान्यांतून येते आणि छत्रपती संभाजीनगरजवळची (पूर्वीच्या औरंगाबादजवळची) वाळूज औद्योगिक वसाहत त्यांचे मुख्य केंद्र आहे. एक लिटर बिअरला कित्येक लिटर पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला, तेव्हा हा हिशेब सर्वांसमोर आला.

लहान प्रमाणावर, जागच्या जागी बिअर करण्याची परंपरा मात्र महाराष्ट्रात अलीकडची आहे. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली. देशातल्या पहिल्या सूक्ष्मभट्ट्यांत तिची गणना होते. नावही इथलेच. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांच्या बोलीत देवळालीचे डूलाली झाले आणि त्याचा अर्थ डोके फिरणे असा पडला. नंतर पुण्या-मुंबईत अशा भट्ट्या वाढल्या. पुण्यातच २०१८ पासून मूनशाईन मीडरी मध आंबवून मीड करते. परवाना घेऊन चालणाऱ्या या जागा महाराष्ट्रातल्या जिज्ञासूला प्रत्यक्ष भांडी पाहण्याची आणि कारागिराशी बोलण्याची खरी संधी देतात.

जगभरच्या बिअरचे प्रकार शेकड्यांनी मोजले जातात, पण नवख्याने तीन घराणी ओळखली तरी पुरे. पहिले एल: यीस्ट १८ ते २२ अंशांना काम करते, फळांचा वास येतो, आठवड्याभरात आंबवण उरकते. इंग्लंड आणि बेल्जियम ही त्याची माहेरे. दुसरे लागर: यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करते आणि बिअर आठवडेच्या आठवडे थंडीत मुरते. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावात योसेफ ग्रोल याने केलेली सोनेरी लागर जगभर पसरली. भारतातली बाटलीतली बिअर बहुतेक तिचीच नातलग. तिसरे घराणे विरजण न लावता हवेतल्या आणि लाकडातल्या सूक्ष्मजीवांवर सोडून देण्याचे. ब्रसेल्सजवळची लँबिक त्यातली. या तिन्हींच्या वर अमेरिकेची कारागिरी बिअर बसली. तिची मुळे थेट घरगुती छंदात आहेत: चार्ली पपाझियन यांनी १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली, आणि घरगुती साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० साली सिएरा नेवाडा ही भट्टी उभारली.

घरगुती छंदाचे रूप शास्त्राने बदलले. लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. बिअर नासते ती आगंतुक जिवाणूंमुळे, हे त्यांनी दाखवले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट भट्टीत वापरले. आम्लता मोजण्याचे पीएच हे मापही त्याच प्रयोगशाळेतले, १९०९ सालचे. आज दहीवाला, औषध कारखाना आणि शाळेतला विद्यार्थी जे माप वापरतो ते बिअरच्या काळजीतून आले आहे.

तळ्यासारख्या जागी हवामान हा वेगळाच शिक्षक आहे. मार्च ते मे पारा तिशीच्या वर, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. एलच्या यीस्टला ही उष्णता सोसत नाही. रसात उग्र, द्रावकासारखे वास उतरतात. नॉर्वेच्या शेतघरांत वाढलेले क्वाइक नावाचे यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांना आनंदाने काम करते. तिथली कुटुंबे ते लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपत आणि लागेल तेव्हा शेजाऱ्याकडून आणत. विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जाणाऱ्या मराठी घराला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

तंत्र शिकताना पुस्तक ज्या सवयींवर भर देते, त्याही दुधाच्या व्यवसायात सापडतात. पहिली स्वच्छता: उकळल्यानंतर रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. दुसरी मोजणे. रसाची घनता मोजायचे उपकरण आणि गवळ्याचे लॅक्टोमीटर यांचे तत्त्व एकच. आंबवणीपूर्वी १.०५० असलेली घनता १.०१० पर्यंत उतरली, तर पेयात सुमारे सव्वापाच टक्के अल्कोहोल झाले, हे साध्या गुणाकाराने निघते. तिसरी दाबाची जाण: बाटलीबंद आंबते पेय कार्बन डायऑक्साइड साठवते आणि साखर जास्त झाली किंवा ऊन लागले की काच फुटते. आल्याच्या फसफसत्या पेयातही हा धोका पुरेपूर आहे. हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ साली आल्याच्या बिअरच्या विरजणाचा अभ्यास करून त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात हे दाखवले. कोकणच्या उष्णतेत ते विरजण इतके चपळ असते, की इंग्रजी कृतीतले दिवस इथे तासांत मोजावे लागतात.

एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. घरी आंबवलेल्या पेयाने माणसे आंधळी होतात, हे भय विषारी दारूच्या बातम्यांतून आले आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. धान्याच्या रसाच्या आंबवणीत मिथेनॉल नगण्य असते. बिअर गाळली जाते, पण ऊर्ध्वपातित केली जात नाही. ऊर्ध्वपातनाला या पुस्तकात कोठेही जागा नाही.

आंबवणीतले अल्कोहोल मात्र विसरता येणार नाही. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीच्या रेट्याने. गावोगावी दारूचे दुकान बंद करण्यासाठीच्या 'आडवी बाटली' मतदानात स्त्रिया रांगा लावून उभ्या राहिल्या त्या घरातले पैसे आणि हाडे वाचवण्यासाठी. रायगडच्या कातकरी वाड्यांवर दारूने केलेले नुकसान कोणत्याही छंदापेक्षा मोठे आहे. बिअरची विद्या शिकवणाऱ्या पुस्तकाने हे समोर ठेवूनच बोलायला हवे. म्हणून यातल्या कृती चवीच्या, मापाच्या आणि निरीक्षणाच्या बाजूने लिहिल्या आहेत, प्रमाण वाढवण्याच्या बाजूने नव्हे.

त्यानुसार पुस्तकाचे दोन भाग पडतात. महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकासाठी मोड आणणे, गोडी उतरवणे, उकळणे आणि हॉप्स या फुलांचा बिअरमधला कडवटपणा समजून घेणे या पायऱ्या पूर्ण दिल्या आहेत. त्यांत अल्कोहोल येत नाही. आंबवण शिकण्यासाठी ताकातली नाचणीची आंबील, इडली-आंबोळीचे पीठ आणि भाज्यांची कांजी घेतली आहे, जिथे काम मुख्यतः दुग्धाम्ल जिवाणूंचे असते. आल्याच्या पेयाचे शास्त्र सांगितले आहे, पण वर दिलेली कायद्याची व्याख्या ध्यानात घेऊन त्याची कृती पहिल्या भागात ठेवलेली नाही. दुसरा भाग न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांसाठी आहे, जिथे घरी बिअर करणे कायद्याने मान्य आहे. तिथे तयार माल्टच्या अर्कापासून संपूर्ण धान्यापर्यंतच्या पद्धती, आणि जवाच्या जोडीला नाचणी, ज्वारी व कोकम घालून करायच्या काही बिअरही दिल्या आहेत. तिथल्या वाचकानेही आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा.

मापे सर्वत्र लिटर, ग्रॅम आणि सेल्सिअसमध्ये आहेत. थर्मामीटर ही एकच वस्तू पहिल्या दिवसापासून विकत घ्यावी लागते. बाकी सारे स्वयंपाकघरात असते. मोड आणण्याचे काम पावसाळ्यात करू नये, कारण ओल्या हवेत दाण्यावर बुरशी धरते आणि ती विषारी असू शकते. कोकणात नाचणीची कापणी दिवाळीच्या सुमारास होते. तिला महिना-दोन महिने विसावा दिला की दाणा एकसारखा रुजतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तो सावलीत दोन दिवसांत वाळतो. पहिल्या प्रकरणाचा अभ्यास त्या दिवसांत बसेल असा बेतला आहे.